मदत हवी आहे: इटलीत जुनी तलवार घ्यायची आहे, स्क्यावोना खरी की जोडकाम?

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त सध्या मुक्काम उत्तर इटलीत, ब्रेशाला. हे शस्त्रांचंच गाव. वरच्या वाल त्रोम्पिया खोऱ्यात लोखंडाच्या खाणी, खाली लोहारांचे भाते. इथल्या कायनो घराण्याची पाती एके काळी युरोपभर जायची. किल्ल्यात मार्झोली शस्त्रसंग्रहालय आहे, तिथे रविवार घालवून घालवून शेवटी आपल्याकडेही एक तलवार असावी अशी खाज सुटली. मूळचा पुण्याचा, केळकर संग्रहालयातल्या फिरंगा पाहत वाढलेला, त्यामुळे आपली मूठ आणि युरोपचं पातं हे नातं ओळखीचं. शुद्ध इटालियन मालातलं मात्र फारसं कळत नाही.

एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे दोन गोष्टी पाहिल्या.

पहिली म्हणजे स्क्यावोना. व्हेनिसच्या पदरी जे दाल्मेशियाचे सैनिक असत त्यांची ही तलवार, सरळ दुधारी. मुठीभोवती लोखंडी पट्ट्यांची तिरकी जाळी, अंगठा अडकवायला कडी, आणि शेवटी मांजराच्या तोंडासारखा पितळी गोळा. पात्यावर पन्हळीत पळणाऱ्या लांडग्याची खूण. व्यापारी म्हणतो, 'सतरावं शतक, पातं इथलंच, ब्रेशाचं.' किंमत ३८०० युरो, घासाघीस केली तर थोडी खाली येईल.

दुसरी भिंतीवर लावायची सजावट. लाल मखमलीच्या फळीवर उठावदार नक्षीत लढाई दाखवलेली गोल ढाल, मागे दोन लांब बारीक तलवारी तिरप्या. ढालीला तो 'मिलानची, नेग्रोलींच्या वळणाची' म्हणतो. सगळं मिळून ६५० युरो. नेग्रोली हे मिलानचं चिलखतं-ढाली घडवणारं नामांकित घराणं. त्यांची म्हणजे सोळाव्या शतकातली ढाल या किमतीत? हसूच आलं. पण वस्तू देखणी आहे, बायकोलाही आवडली, हे महत्त्वाचं.

तलवार खरी की खोटी हे कशावरून ओळखू? इथे घरात ठेवायला कागदपत्रं काय लागतात? आणि पुढच्या वर्षी कायमचा पुण्याला परततोय, तर ती बरोबर आणता येईल का?

लोहभस्म:
लांडगा ब्रेशाचा नाही. ती जर्मनीतल्या पासाऊची खूण, पुढे झोलिंगन या दुसऱ्या जर्मन गावच्या पातेवाल्यांनीही सर्रास उचलली. म्हणून तलवार खोटी ठरत नाही. उलट व्हेनिसच्या अनेक स्क्यावोनांना जर्मन पातीच असत. व्यापारी चुकतोय किंवा फेकतोय, एवढंच. गाजलेल्या खुणांची नक्कल तेव्हाच सुरू झाली होती. बेल्लुनोच्या आंद्रेआ फेराराचं नाव तर स्कॉटलंडच्या तलवारींवर ढिगाने सापडतं, आणि जेनोवाची विळ्यासारखी दातेरी खूण आपल्याकडच्या पात्यांवरही ठोकलेली दिसते. त्यामुळे खुणेवर पैसे टाकू नका.

पातं हातात घ्या. खरं पातं मुठीपाशी जाड असतं आणि टोकाकडे पातळ होत जातं. नकली बहुधा पट्टीसारखं एकाच जाडीचं, म्हणून हाताला जड. स्क्यावोना साधारण किलो-सव्वा किलोची असते. मग गोळ्याचं टोक बघा. मुठीत जाणारी पात्याची शेपटी तिथे ठोकून चपटी केलेली हवी. नट फिरवून बसवलेला असेल तर एकोणिसाव्या शतकात किंवा नंतर कोणीतरी हात घातलाय. गंज सगळीकडे एकसारखा, उथळ, बारीक खड्ड्यांचा असेल तर ती आम्लाची करामत. जाळीच्या सांध्यांत विजेच्या वेल्डिंगचे मणी दिसले तर नमस्कार करून बाहेर पडा.

माझ्या मते खरा धोका निव्वळ खोटीचा नाही, जोडकामाचा आहे. जुनी मूठ, भलतंच जुनं पातं, दोन्ही अस्सल, पण लग्न लागलंय गेल्या शंभर-दीडशे वर्षांत. पातं मुठीच्या खाचेत घट्ट बसतं की मध्ये पाचर भरलीय, हे भिंगातून पाहा. तशी निघाली तर ३८०० देऊ नका.

ढालीला चुंबक लावा. चिकटला नाही तर ती विजेच्या साह्याने तांबं चढवून केलेली प्रत असणार. एकोणिसाव्या शतकात जुन्या मिलानी ढालींच्या अशा प्रती इंग्लंडच्या एल्किंग्टन कंपनीनेही काढल्या. चिकटला तर उलटी करा. आतून हातोडीचे ठोके दिसले तर ठोकून घडवलेली, खरबरीत आणि जड असेल तर ओतीव. त्या काळात पोल्दी पेत्झोली, स्टिबर्टसारख्या हौशी श्रीमंतांनी घरात शस्त्रांची दालनं सजवली, त्यांचं पाहून मध्यमवर्गाला असल्या फळ्या हव्याशा वाटू लागल्या. प्रामाणिक एकोणिसाव्या शतकाची म्हणून ती छान आहे. मी असतो तर तीच घेतली असती!

ठाण्याची_वकीलीण:
इटलीत तलवार हे शस्त्रच. खरेदीला शस्त्रपरवाना किंवा क्वेस्तूराचा, म्हणजे पोलीस मुख्यालयाचा, नुल्ला ओस्ता (ना-हरकत दाखला) लागतो, आणि घेतल्यावर ७२ तासांत पोलिसांत किंवा काराबिनिएरींकडे (इथलं दुसरं, लष्करी पोलीस दल) नोंद करावी लागते. बाहेर नेताना वस्तू ७० वर्षांपेक्षा जुनी आणि १३,५०० युरोंपेक्षा महाग असेल तर सांस्कृतिक खात्याची परवानगी. तुमची किमतीने खाली आहे, तरी तसं जाहीर करण्याचे कागद करावे लागतात. शस्त्र म्हणून निर्यातीचे कागद वेगळे, तेही क्वेस्तूरातच विचारा.

भारतात १९५९चा शस्त्र कायदा. आयातीला परवाना लागतो, तो आधी. बॅगेत घालून मुंबईला उतरायचं आणि कस्टमवाल्याला 'अहो, शोभेची आहे' सांगायचं, हे करू नका. आणखी एक. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची वस्तू भारतातून परत बाहेर नेणं खाजगी माणसाला बंद आहे. पुढे इटलीत विकायचा विचार असेल तर आत्ताच करा.

आगाऊ_बोका:
आधी फोटो टाका हो. नुसत्या वर्णनावर ३८०० युरोंचा निकाल लावताय सगळे.

धागाकर्ता:
बोका, शनिवारी काढतो. लोहभस्म, खिशात चुंबक आणि भिंग घेऊनच जातो. वकीलीणबाई, क्वेस्तूराचं ऐकून बायको म्हणाली ढालच घे. पण त्या फळीवरच्या दोन तलवारी धार नसलेल्या आहेत, त्यांचीही नोंद करावी लागेल का?

ठाण्याची_वकीलीण:
त्या मुळातच बोथट, शोभेसाठी बनवलेल्या असतील तर गोष्ट वेगळी. जुन्या खऱ्या तलवारी नंतर बोथट केल्या असतील तर वेगळी. व्यापाऱ्याकडून पावतीवर काय ते स्पष्ट लिहून घ्या आणि ती पावती घेऊन काराबिनिएरींच्या ठाण्यात विचारा. फोटोत त्यांच्या मुठीही येऊ द्या.