विषय: ब्लँकेटचे पैसे अडकलेत

प्रेषक: खजिनदार
मंडळी, साबुदाणावड्याच्या स्टॉलवर ब्लँकेटसाठी जमवलेले पैसे दर्यापूरकडच्या त्या ट्रस्टला पाठवता येत नाहीत. त्यांची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याची, नोंदणी नाही आणि आपलं मंडळ इथं परदेशात, म्हणून त्याचा पैसा तिकडे परदेशी धरतात. नोंदणी झाली तरी आधी दिल्लीला, स्टेट बँकेच्या संसद मार्ग शाखेत, खातं लागतं. कृपया 'काहीतरी जुगाड करा' असं पुन्हा लिहू नका.

प्रेषक: अकोटवाले काका
जुगाड कोण म्हणतं? माझ्या धाकट्या भावाच्या खात्यात टाका, तो ट्रस्टला रोख नेऊन देईल. मोतीबिंदूच्या शिबिराला असंच केलं होतं, तेव्हा कोणी ब्र काढला नाही.

प्रेषक: खजिनदार
तेव्हा मी खजिनदार नव्हतो, काका.

प्रेषक: वर्धेकर वहिनी
मोठ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत पाठवू, असं कोणी सुचवायच्या आत सांगते. २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसरीला देता येत नाही. ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेतूनच, थेट ट्रस्टला दिले तर चालतं. ओसीआयवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना, ती सोय नाही. म्हणजे काका, तुम्ही बाद.

प्रेषक: अकोटवाले काका
बाद? गावातल्या घराची टॅक्सपावती अजून माझ्या नावानं फाटते!

प्रेषक: दर्यापूरचा (नवीन)
पैशाचं चालू द्या, पण पुन्हा ब्लँकेटच कशाला? जानेवारीत गावी होतो. मेळघाटातून कापूस वेचाईला आलेली चार बिऱ्हाडं नाल्याकाठी झोपड्या करून होती. आपण दिलेलं ते मरून रंगाचं ब्लँकेट एकीनं दाराला टांगलेलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून खालच्या काठावर दोन विटा. मी विचारलं तर म्हणाली, "पांघरलं तं एकटं पोरगं झाकते, दाराले लावलं तं सारे झाकतात." टिना द्या, छपराचे पत्रे. गावातल्या भूमिहीनांनाही त्याच लागतात. घरकुलाचे १ लाख २० हजार कागदावर आहेत, पण जागाच नावावर नसली की सगळं तिथंच अडतं.

प्रेषक: वर्धेकर वहिनी
वेचाई संपली की ती माणसं जाणार. टिना डोक्यावर नेतील का? शिवाय एप्रिल-मे महिन्यात टिनाखाली कधी बसून पाहिलंय? आमच्या आजोळी कवेलू, म्हणजे कौलं, होते, तरी आजी दुपारी गोठ्यात जाऊन निजायची.

प्रेषक: दर्यापूरचा (नवीन)
टिना ट्रस्टकडेच राहतील, दरवर्षी तीच बिऱ्हाडं येतात. उन्हाळ्यात गावातले लोक वर तुराट्या अंथरतात.

प्रेषक: अकोटवाले काका
गाडगेबाबा शेंडगावचे, म्हणजे आपल्याच भागातले. त्यांच्या दहा गोष्टींत उघड्यानागड्यांना वस्त्र आहे, तसा बेघरांना आसराही आहे. ब्लँकेट की टिना, हे भांडण बाबांनी कधीच मिटवलंय. वहिनींच्या आजीचा गोठा मधे कुठून आला?

प्रेषक: खजिनदार
टिनांची वर्गणी भारतीय पासपोर्टवाल्यांनी परस्पर ट्रस्टला भरावी, पावत्यांचा हिशेब वहिनी ठेवतील. मंडळाच्या खात्याशी त्याचा संबंध नाही. स्टॉलचे पैसे इथल्या फूड बँकेला द्यावेत असं मी सुचवतो. आपल्या चौकातसुद्धा लोक गाडीत झोपतात. रविवारी सभेत मत घेऊ.

प्रेषक: अकोटवाले काका
साबुदाणा रात्री अकरापर्यंत मी भिजवला होता, तेव्हा फूड बँकेचं मला विचारून ठरवा. आणि दर्यापूरच्या, टिना दहा फुटीच सांग. आठ फुटी आणल्या तर पावसाचं पाणी भिंतीवर येते.