मदत हवी आहे: कोर्लईच्या क्रिओलमध्ये (म्हणजे वेगवेगळ्या भाषा मिसळून तयार झालेल्या बोलीत) पोटाला काय म्हणतात?

लॅटिनमधल्या 'पांतेक्स'पासून स्पॅनिश पांसा, इटालियन पांचा, फ्रेंच पांस, रोमानियन पिंतेचे असे पोटाचे शब्द आलेत, आणि गंमत म्हणजे लॅटिनमध्ये त्याचं अनेकवचन आतड्यांसाठीच जास्त वापरायचे, म्हणजे आतड्यांचा शब्द पोटावर गेला, स्पेनमध्ये आजही 'त्रिपा' म्हणजे आतडं पण बोलताना पोटपण! हैतीच्या क्रिओलमध्ये मात्र पोट 'वांत' आणि आतडी 'त्रिप', पापियामेंतोत (कॅरिबियन बेटांवरची अशीच एक क्रिओल) 'बारिका' आणि 'त्रिपा', तिथे दोन्ही वेगळे राहिले.

आता आपल्या रायगडातल्या कोर्लईत पोर्तुगीज क्रिओल बोलतात ना, तिथे पोटाला आणि आतड्यांना रोजच्या बोलण्यात काय म्हणतात? पोर्तुगीजांनी चौल १७४० मध्ये सोडलं तरी भाषा टिकलीय, म्हणून फार उत्सुकता आहे. कोर्लई, रेवदंड्याकडचं कोणी असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून सांगा प्लीज, उच्चारासकट.