स्कॉटलंडचं दुसरं सार्वमत: होलीरूडमध्ये बहुमत असूनही गाडी अडते कुठे?

अवकाळी
२०२१च्या होलीरूडच्या (एडिंबरातल्या स्कॉटिश संसदेच्या) निवडणुकीत एसएनपी या स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीचे ६४ आणि ग्रीन पक्षाचे ८ निवडून आले. १२९ पैकी ७२ जण स्वातंत्र्याच्या बाजूचे. तरी ब्रिटनपासून वेगळं होण्यावर दुसरं सार्वमत झालं नाही. बातम्यांत ‘कलम ३०’ आणि ‘सुप्रीम कोर्टानं नाकारलं’ एवढंच वाचायला मिळतं. नेमकं कायद्यातलं कोणतं वाक्य आड येतं? आणि २०१४च्या पहिल्या सार्वमताला तेच वाक्य आड कसं आलं नाही? ‘दोन्ही बाजूंचं राजकारण’ छापाची उत्तरं नकोत, प्रक्रिया हवी आहे.

तळघर
स्कॉटलंड अॅक्ट १९९८, पाचवी अनुसूची, अगदी पहिला परिच्छेद. आपल्या राज्यघटनेतल्या सातव्या अनुसूचीची सवय असेल तर ती आधी बाजूला ठेवा, कारण तिथे राज्य सूची असा प्रकारच नाही. लंडननं स्वतःकडे काय राखून ठेवलं त्याची यादी आहे. यादीत जे नाही ते होलीरूडचं. आरोग्य, शिक्षण, पोलिस हे विषय एडिंबराला ‘दिलेले’ नाहीत, यादीत नाहीत म्हणून तिच्याकडे आहेत. पण याच यादीत राजपदाच्या लगेच खाली ‘स्कॉटलंड आणि इंग्लंड या राज्यांचं एकीकरण’ हा विषय बसवलाय. कलम २९ म्हणतं, राखीव विषयाशी ‘संबंधित’ असलेला होलीरूडचा कायदा हा कायदाच नव्हे.

सगळा वाद या ‘संबंधित’वर झाला. स्कॉटिश सरकारचं म्हणणं असं की सार्वमत सल्लावजा आहे, ‘होय’ आलं तरी त्यानं आपोआप काहीच तुटत नाही, मग एकीकरणाशी संबंध कसला? मुळात विधेयक मांडायलाच अडचण होती. मंत्र्याला ‘हे आमच्या अधिकारात आहे’ असं लिहून द्यावं लागतं आणि लॉर्ड अॅडव्होकेट (स्कॉटिश सरकारच्या मुख्य कायदा अधिकारी) डोरोथी बेन त्यावर होकार द्यायला तयार नव्हत्या. म्हणून विधेयक न मांडताच त्यांनी सहाव्या अनुसूचीखाली प्रश्न थेट सुप्रीम कोर्टात नेला. २३ नोव्हेंबर २०२२ला पाचही न्यायाधीशांचा एकमुखी निकाल आला. कायद्याचा हेतू आणि सर्व परिस्थितीत होणारा परिणाम, दोन्ही पाहायचे असतात. अशा मतदानाचं राजकीय वजन एवढं असतं की ‘सल्लावजा’ म्हणून ते वगळता येत नाही. एसएनपीनं मांडलेला स्वयंनिर्णयाचा मुद्दाही टिकला नाही. क्यूबेक प्रांताच्या फुटून निघण्याबद्दलच्या १९९८च्या कॅनडातल्या निकालाचा आधार घेऊन कोर्ट म्हणालं, तो हक्क वसाहतींना किंवा दडपलेल्या जनतेला आहे आणि स्कॉटलंड त्यात बसत नाही.

२०१४ला वाट मोकळी झाली ती कलम ३०च्या आदेशानं. हा आदेश पाचवी अनुसूचीच बदलतो, त्या वेळी तीही तात्पुरती. क्रम असा: दोन्ही सरकारांत वाटाघाटी होऊन आदेशाचा मसुदा ठरतो. मग होलीरूड आणि ब्रिटिश संसदेची दोन सभागृहं कॉमन्स व लॉर्ड्स अशा तिन्ही ठिकाणी तो मंजूर व्हावा लागतो आणि शेवटी प्रिव्ही कौन्सिल या राजाच्या सल्लागार मंडळाची मोहोर. दोन्ही सरकारांतला एडिंबरा करार १५ ऑक्टोबर २०१२चा, मोहोर फेब्रुवारी २०१३ची. त्यानंतर होलीरूडनं दोन कायदे केले, एक मताधिकाराचा आणि एक प्रत्यक्ष सार्वमताचा. आदेशाला मुदत होती: मतदान ३१ डिसेंबर २०१४च्या आत. त्यामुळे तो अधिकार आज शिल्लक नाही. ‘एकदा दिला, आता कायमचा’ हे सोशल मीडियावर रोज दिसतं ते चूक आहे.

दुर्बीण
वरच्या उत्तरात एक खुंटी राहिली. हा आदेश कधी द्यायचा याचा निकषच कायद्यात नाही. उत्तर आयर्लंडशी ताडून पाहा: १९९८च्या त्यांच्या कायद्यात लिहिलंय की बहुमत एकत्र आयर्लंडच्या बाजूनं जाईल असं ब्रिटिश मंत्र्याला दिसलं, तर सार्वमत घ्यायलाच हवं, आणि दोन सार्वमतांत किमान सात वर्षं हवीत. स्कॉटलंडसाठी असं काही नाही. ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी २०१७ला ‘ही वेळ नव्हे’ म्हणून हात झटकले, जॉन्सन यांनी जानेवारी २०२०ला पत्र लिहून नकार दिला. दोघांनीही कायदा मोडला नाही, कारण मोडायला नियमच नव्हता.

मग २०१२ला पंतप्रधान कॅमेरन यांनी होकार का दिला? २०११ला एसएनपीनं एकटीनं ६९ जागा मिळवल्या होत्या, त्याही बहुमत सहसा मिळूच नये अशा पद्धतीत. होलीरूडच्या ७३ जागा मतदारसंघांच्या आणि ५६ प्रादेशिक यादीच्या. यादीत पक्षाच्या मतांना ‘त्या प्रदेशात आधी मिळालेल्या जागा अधिक एक’नं भागतात, म्हणून मतदारसंघ जिंकत गेलात की यादीतून हाती काही लागत नाही. २०२१ला एसएनपीनं ६२ मतदारसंघ घेतले आणि यादीतून जेमतेम २. बहुमताला ६५ लागतात, एक कमी पडली. शिवाय २०१२च्या चाचण्यांत ‘नाही’ बरंच पुढे होतं, त्यामुळे लंडनला जुगार स्वस्त वाटला. लंडननं एकच प्रश्न आणि मुदत पदरात पाडून घेतली, ‘जास्तीचे अधिकार’ हा तिसरा पर्याय बाद झाला. एडिंबराला १६ वर्षांवरच्यांचं मतदान आणि प्रश्नाचे शब्द ठरवण्याचा मान मिळाला. तोही पूर्ण नाही: ‘तुम्ही सहमत आहात का’ या मूळ मसुद्याला निवडणूक आयोगानं कल दाखवणारा म्हणून हरकत घेतली आणि ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?’ एवढंच मतपत्रिकेवर उरलं.

अवकाळी
आता उलगडलं. मग परवानगीशिवाय घेतलं तर? किंवा निवडणूकच सार्वमत मानली तर? आणि पाउंडचं काय करणार होते?

तळघर
परवानगीशिवाय घेतलं तर पहिला अडसर टेबल-खुर्चीचा. मतमोजणी ३२ कौन्सिलांचे अधिकारी करतात. कायद्याचं पाठबळ नसेल तर त्यांना पैसा खर्च करता येत नाही आणि मतदारयादीही वापरता येत नाही. ‘नाही’वाले घरी बसणार हे वेगळंच. स्पेनमधल्या कॅटलोनियात ऑक्टोबर २०१७ला तेच झालं: ९० टक्के ‘होय’, पण मतदान ४३ टक्क्यांच्या आसपास. ते ९० टक्के बाहेर कुणी मानले नाहीत. याउलट २०१४ला ८४.६ टक्के लोक बाहेर पडले. म्हणूनच ५५.३ विरुद्ध ४४.७ हा निकाल हरलेल्यांनीही मानला.

निवडणुकीला सार्वमत म्हणणं ही तेव्हाच्या स्कॉटिश फर्स्ट मिनिस्टर (सरकारप्रमुख) स्टर्जन यांची कल्पना. वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनच्या संसदेच्या, निवडणुकीत १६-१७ वयाचे आणि बहुतेक युरोपीय नागरिक मत देऊ शकत नाहीत, आणि ते दोन्ही गट २०१४च्या यादीत होते. (तिथे राहणारे राष्ट्रकुलातले नागरिकही होते, भारतीय धरून.) त्यात जागा आणि मतं यांचा मेळ नाही. एसएनपीला २०१५ला ५० टक्के मतांत ५९ पैकी ५६ जागा, २०२४ला ३० टक्के मतांत ५७ पैकी ९. यातला कोणता आकडा ‘जनादेश’ धरायचा? माझ्या मते ही कल्पना कागदावरच फसलेली होती.

नाणेघाट
पाउंडचं मी सांगतो, कारण २०१४ची मोहीम तिथेच घायाळ झाली. तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर साल्मंड यांची योजना चलनसंघाची: पाउंड सामाईक, बँक ऑफ इंग्लंड सामाईक. फेब्रुवारी २०१४ला ब्रिटनचे अर्थमंत्री ऑस्बोर्न यांनी ती फेटाळली आणि लेबर व लिबरल डेमोक्रॅट दोघांनी त्यांना साथ दिली. दुसरी योजना जाहीर नव्हती.

संघाविना पाउंड वापरता येतो, त्याला परवानगी लागत नाही. पण मग व्याजदर परक्या देशाचा आणि बँक बुडाली तर नोटा छापून वाचवणारं कुणी नाही. ‘आमच्या स्वतःच्या नोटा आहेतच की’ हा युक्तिवाद तर मुळीच करू नका. स्कॉटलंडच्या तीन व्यापारी बँका नोटा काढतात, पण त्यांना तेवढ्या किमतीचं तारण ठेवावं लागतं. त्यातला मोठा भाग बँक ऑफ इंग्लंडमध्येच असतो, काही तर १० कोटी पाउंडांच्या एकेका नोटेच्या रूपात. ‘टायटन’ म्हणतात त्यांना. त्या बाजारात कधीच येत नाहीत. म्हणजे एडिंबराची नोट ही लंडनच्या नोटेची पावती.

एसएनपीच्या २०१८च्या अहवालात पाउंड ठेवून सहा कसोट्या उतरल्यावर स्वतःचं चलन आणायचं ठरलं. स्कॉटिश सरकारच्या २०२२च्या पत्रिकेत ‘शक्य तितक्या लवकर’ असं आलं. त्याला परकीय गंगाजळी लागते आणि गाठीला तूट आहे: स्कॉटिश सरकारच्याच हिशेबात २०२३-२४ची तूट, उत्तर समुद्रातल्या तेलाचा भौगोलिक वाटा धरून, जीडीपीच्या १०.४ टक्के, अख्ख्या ब्रिटनची ४.५. हे आकडे आजच्या रचनेतले आहेत, त्यात संरक्षण आणि कर्जाच्या व्याजाचा वाटा वाटून टाकलेला असतो, म्हणून स्वतंत्र देशाचं अंदाजपत्रक असं त्याकडे पाहता येत नाही. पण तोंडावर फेकून द्यावा इतका तो हिशेब पोकळही नाही. स्वातंत्र्याच्या बाजूचे बरेच लोक नेमकं तेच करतात.

दुर्बीण
बहुमत किती हवं यावर कुणी बोललं नाही. २०१४ला निम्म्याहून एक मत जास्त पुरेसं होतं. १९७९ला नव्हतं. स्कॉटिश विधानसभेसाठी ५१.६ टक्के ‘होय’ पडलं, पण एकूण यादीच्या ४० टक्के हवेत अशी अट घुसडली होती आणि भरले ३२.९. म्हणजे घरी बसलेला प्रत्येक जण ‘नाही’त जमा. पुढचा आदेश कधी निघालाच तर मुदतीआधी ही ओळ तपासा, लंडन ती पुन्हा मागेल असं मला वाटतं.