रिलीजच्या चाव्या एकाच माणसाकडे. समिती नेमावी का?

प्रश्न: आमच्या सॉफ्टवेअर लायब्ररीचं (इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, फक्त मूळ लेखकच काढू शकतो, आणि तो महिनोन्महिने गायब असतो. आता एक नवा, उत्साही गडी ‘मलाही अधिकार द्या’ म्हणून मागे लागलाय. आम्ही जेमतेम चौघं. समिती नेमावी का?

उत्तर: पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेकडे बघा. 2018 मध्ये तिचे जनक गुइदो व्हान रॉसम नेतेपदावरून बाजूला झाले. 2019 पासून निवडून आलेली पाच जणांची स्टीअरिंग कौन्सिल आहे. त्यात एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य चालत नाहीत.

उत्तर: चौघांत निवडणूक कसली घेताय! दरवर्षी नेता निवडणं डेबियनसारख्या मोठ्या लिनक्स प्रकल्पाला शोभतं. तुम्ही रिलीजचा अधिकार दोघांना द्या, आणि दुसऱ्याने तपासल्याशिवाय मर्ज (बदल मूळ कोडमध्ये मिसळणं) नाही एवढं लिहून ठेवा.

उत्तर: त्या उत्साही गड्याबद्दल बोला की. 2024 चं एक्सझेड (फाइल लहान करणारं साधन) प्रकरण आठवा: बराच काळ नीट पॅच (कोडमधल्या सुधारणा) पाठवून सहमेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा जोडीदार) झालेल्या खात्यानेच बॅकडोअर (छुपी चोरवाट) घुसवलं. त्याआधी दमलेल्या मूळ मेंटेनरवर इतर खात्यांनी तगादा लावला होता. शिवाय ते बॅकडोअर चालू करणारा तुकडा गिटमध्ये (कोडच्या सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदीत) नव्हताच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (लोकांना दिल्या जाणाऱ्या कोडच्या गठ्ठ्यात) होता. तुमचे टारबॉल कुठे बनतात?

प्रश्नकर्ता: मूळ लेखकाच्या लॅपटॉपवर. आधी ते काम बिल्ड सर्व्हरवर (रिलीज आपोआप बनवणाऱ्या सामायिक यंत्रावर) हलवतो, समितीचं नंतर बघू.