ज्वारी महागली म्हणून भाकरी सुटली, हे खरे का?

सोलापूरकर: “भाव वाढला की मागणी घटते, ज्वारी महागली, गरिबांनी ती सोडली, यात समजून घेण्यासारखे काही नाही,” असे काल ‘वाणसामान’ यांनी लिहिले, ते वाचून गप्प राहणे मला अशक्य आहे. हलक्या प्रतीची, म्हणजे मिळकत वाढली की लोक कमी घेतात अशी, वस्तू महागली की गिऱ्हाईक दुसरीकडे वळते, पण त्याच वेळी त्याची खरी मिळकत आटते, आणि आटलेल्या मिळकतीत हलकीच वस्तू अधिक लागते. चीनच्या हुनान प्रांतात जेन्सन आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी गरीब कुटुंबांना तांदळावर सवलत दिली, तेव्हा त्या कुटुंबांनी तांदूळ कमी खाल्ला, म्हणजे भाव आणि मागणी एकाच दिशेने गेली. या प्रयोगावरचा त्यांचा निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

वाणसामान: त्याच निबंधात चीनच्याच गान्सू प्रांतातील गव्हाबाबत पुरावा दुबळा निघाला, हे आपण का गाळले? पामतेल महागले की माझे गिऱ्हाईक अर्ध्या किलोऐवजी पाव किलो नेते. महागले म्हणून जास्त नेणारे मी गल्ल्यावर बसून एकही पाहिलेले नाही.

भाकरीवाली: ज्वारीला हलक्या प्रतीची म्हणण्याचा अधिकार तुम्हा दोघांना कोणी दिला? १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी माझ्या आजीने थापली, ती हलकी होती, आपली मालदांडी ज्वारी नव्हे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो केला, जानेवारी २०२३ पासून तो फुकट झाला. भरड धान्य १ रुपयाने देण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती, पण आमच्या रेशन दुकानात ज्वारी क्वचितच दिसली. शिवाय चपात्या सकाळी लाटून डब्यात देता येतात, भाकरी मात्र गरमच हवी असते, आणि मजुरीहून परतलेल्या बाईच्या त्या कष्टांचा हिशेब तुमच्यापैकी कोणीच करत नाही. आमच्या घरातली भाकरी ज्वारीच्या भावाने नव्हे, फुकटच्या गव्हाने सोडवली.

सोलापूरकर: बाई, प्रश्न भावाचा आहे, चुलीचा नाही.

भाकरीवाली: चूल वगळून मागणी मोजणाऱ्यांशी मला बोलायचेच नाही. कडब्यासाठी ज्वारी पेरणारा शेतकरीही तुमच्या हिशेबात नाही.

वाणसामान: बाईंचे म्हणणे मला नाइलाजाने मान्य करावे लागते, आणि त्यातच सोलापूरकरांना उत्तर आहे. हुनानमध्ये भाताइतके स्वस्त पोटभरीचे दुसरे काही नव्हते, म्हणून तसे घडले. इथे ज्वारीशेजारी फुकट गहू ठेवलेला असताना ज्वारी महागल्यावर ती अधिक खाण्याची वेळ कोणावर येईल?

सोलापूरकर: एवढे मान्य. पण मग पर्याय आहे की नाही हे आधी पाहावे लागते, म्हणजे “समजून घेण्यासारखे काही नाही” हे आपले वाक्य टिकत नाही.

वाणसामान: ते वाक्य मी मागे घेतो, पामतेलाचे घेणार नाही.

भाकरीवाली: आणि १ रुपयाची ज्वारी दुकानात का येत नव्हती, याचे उत्तर अजून कोणीही दिलेले नाही.