बाकावर बसलेल्यांचे सर

कुणीतरी लिहिलंय की मोठा खेळाडू शाळेत शिकवायला आला की पोरांना स्वतःचे जुने पराक्रमच ऐकवत बसतो. बरेचदा खरंय. पण मला जॉन किटना आठवला. अमेरिकन फुटबॉलवाला, म्हणजे तो लंबगोल चेंडू.

१९९६ साली ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याला कुणी घेतलंच नाही. तरी सिएटल, सिनसिनाटी, डेट्रॉइट, डॅलस अशा चार संघांकडून खेळला. निवृत्तीनंतर टॅकोमातल्या लिंकन हायस्कूलमध्ये, स्वतःच्याच शाळेत, कोच झाला आणि वर्गात बीजगणितही शिकवू लागला! पदवीच गणिताच्या अध्यापनाची होती म्हणा. २०१३च्या डिसेंबरात डॅलसचा मुख्य क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) टोनी रोमो जखमी झाला, तेव्हा एका सामन्यापुरतं किटनालाच राखीव म्हणून परत बोलावलं. वय ४१. मैदानात उतरायची वेळ आली नाही, पण त्या आठवड्याचा पगार, सुमारे ५३ हजार डॉलर, त्याने शाळेला देऊन टाकला.

मला वाटतं, राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून वाट पाहिलेला माणूस बाकावरच्या पोराला जास्त ओळखतो. इंदूरला चिमणबागेच्या मैदानावर आमचे सर (आपला साधा फुटबॉल, राज्य पातळीपर्यंत खेळलेले) राखीव खेळाडूंना आधी पास द्यायचे. आम्ही अकराजण चिडायचो. "तुम्ही आज खेळणारच आहात रे, यांचं काय?" म्हणायचे. सराव संपला की पोहे मात्र सगळ्यांना सारखेच, जिरावण (इंदुरी मसाला) टाकून.