सी मधे शेल लिहितोय: सीडी लागत नाही, पाईप लटकतो

तापीकाठ_शिरपूर:
सेकंड इयरला आहे, प्रॅक्टिकलसाठी सी मधे छोटा शेल (टाईप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) करतोय. गेटलाईनने ओळ घेतो, स्ट्रटॉकने तुकडे पाडतो, मग फोर्कने शेलच्या प्रोसेसची कॉपी (चाइल्ड) काढतो, चाइल्डमधे एक्झेकव्हीपीने कमांड चालवतो, पॅरेंटमधे म्हणजे मूळ शेलमधे वेटपीआयडीने ती संपायची वाट बघतो. एलएस, डेट, कॅट मस्त चालतात. सीडीसाठी, म्हणजे फोल्डर बदलायला, चाइल्डमधेच चेंजडिर कॉल टाकलाय, तो शून्य रिटर्न करतो म्हणजे एरर नाही, तरी पीडब्ल्यूडी मारलं की जुनंच फोल्डर. आणि एलएस पाईप डब्ल्यूसी (एलएसचं आउटपुट डब्ल्यूसीला मोजायला देणं) केलं की कर्सर नुसता लुकलुकत बसतो. अजून एक, चुकीची कमांड टाकली की नंतर एक्झिट दोनदा मारावं लागतं, हे काय भूत आहे?

धुळेकर:
सीडीचं सोपं आहे भो. पोरगं सुरतेला गेलं म्हणून बाप धुळ्यातून हलतो का? करंट डिरेक्टरी प्रत्येक प्रोसेसची स्वतःची असते, चाइल्डने बदलली आणि तो मेला, तुझा शेल जिथल्या तिथं. फोर्क करायच्या आधीच पहिला शब्द सीडी आहे का बघ आणि चेंजडिर शेलमधेच कॉल कर. एक्झिटचंही तसंच, बिल्टइनच (शेलने स्वतः चालवायची कमांड) पाहिजे. लाजू नको, पीडीपी-७ ह्या जुन्या कॉम्प्युटरवर युनिक्स बनत होतं तेव्हा फोर्क आल्यावर त्यांचीही चेंजडिर कमांड ह्याच कारणाने बंद पडली होती, युनिक्स बनवणाऱ्यांपैकी डेनिस रिचीने स्वतः लिहून ठेवलंय.

केळीबाग_रावेर:
पाईपवर मी बोलतो, कारण तिथंच सगळे अडकतात. डब्ल्यूसी एण्ड ऑफ फाईल येईपर्यंत वाचत राहतं, आणि तो येतो कधी, तर पाईपचं लिहायचं टोक ज्याच्या ज्याच्याकडे उघडं आहे त्या सगळ्यांनी बंद केल्यावर. फोर्कने डिस्क्रिप्टरच्या (उघड्या फाईल-पाईपच्या नंबरांच्या) कॉप्या होतात, म्हणजे एक तुझ्या शेलकडे आणि एक खुद्द डब्ल्यूसीच्या चाइल्डकडे पण राहते. डप२ने पाईपचं टोक कमांडच्या इनपुट-आउटपुटला जोडून झालं की दोन्ही चाइल्डमधे दोन्ही मूळ टोकं क्लोज कर, पॅरेंटमधे पण कर, आणि वेट त्याच्या नंतर. पहिल्या कमांडसाठी वेट करून मग दुसरी सुरू करू नको हां, लिनक्सवर पाईपमधे साधारण ६४ केबी मावतं, एलएसला चालून जाईल पण मोठी फाईल कॅट केली की दोघं एकमेकांकडे बघत बसतील.

धुळेकर:
आणि ते भूत म्हणजे एक्झेक फेल झाल्यावर चाइल्ड मरतच नाही, परत लूपमधे येतो, मग दोन शेल एकात एक. एक्झेकच्या खालच्या ओळीत पीएरर (एरर छापायला) आणि अंडरस्कोर एक्झिट १२७ (चाइल्ड संपवायला) टाक, लिनक्सवरचा नेहमीचा शेल बॅश पण कमांड सापडली नाही की १२७च देतं.

तापीकाठ_शिरपूर:
तिन्ही झालं भाऊ, भारी! पॅरेंटमधलं लिहायचं टोक उघडंच होतं. आता फक्त कंट्रोल सी दाबलं की चालू कमांडसोबत शेल पण बंद होतो.

केळीबाग_रावेर:
कंट्रोल सी दाबलं की टर्मिनल सिगइंट हा सिग्नल फोरग्राउंडच्या अख्ख्या प्रोसेस ग्रुपला (शेल आणि त्याच्या कमांड एकाच गटात) पाठवतं, म्हणून. शेलमधे सिगइंट इग्नोर कर, पण चाइल्डमधे एक्झेकच्या आधी परत डिफॉल्ट करायला विसरू नको. इग्नोर केलेला सिग्नल एक्झेकनंतरही इग्नोरच राहतो, मग स्लीप १००० टाकून कंट्रोल सी कितीही बडव.